आठव्या आठवड्याचे मालक

"मावशी, आठव्या आठवड्यात ये," असं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "कुठल्या महिन्याच्या?" महिन्याला फार तर पाच आठवडे असतात. तो म्हणाला, "महिन्याच्या नाही गं, वर्षाच्या."

भाचा फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतो. तिथे लोक तारखेपेक्षा आठवड्याचा आकडा आधी सांगतात. दातांच्या डॉक्टरांची वेळ विसाव्या आठवड्यात, घराची रंगरंगोटी चोविसाव्या. आपण गावोगावचे बाजार वारावरून ओळखतो, सण तिथीवरून, आणि कालनिर्णयच्या एका चौकोनात नक्षत्रापासून संकष्टीपर्यंत सगळं शोधतो. पण हा वर्षातला कितवा आठवडा हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. फिनलंडच्या कॅलेंडरात प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला तो आकडा छापलेला असतो आणि सगळा देश त्या आकड्यांवर चालतो. हिवाळ्यात शाळांना आठवडाभर सुट्टी मिळते. तिचं नावच स्कीची सुट्टी. सगळा देश एकाच वेळी डोंगरावर धावू नये म्हणून ती वाटून दिलेली आहे. ढोबळमानाने दक्षिणेकडच्या शाळांना आठवा आठवडा, मधल्या पट्ट्याला नववा, उत्तरेला आणि पूर्वेला दहावा. एस्पो दक्षिणेत आहे, म्हणून आमचा आठवा, म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध.

आणि हा आठवा आठवडा एका आजींच्या मालकीचा होता.

त्या भाच्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गुडघे आता स्कीला तयार नाहीत, म्हणून त्यांनी तो आठवडा यंदा आम्हाला वापरायला दिला. फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमधल्या सारिसेल्का या ठिकाणी एक सदनिका, तिच्यात दोन खोल्या, छोटंसं स्वयंपाकघर आणि स्वतःचं सौना. वर्षाचे बाकीचे एक्कावन्न आठवडे ती दुसऱ्या कुणाकुणाची. आजींनी ड्रॉवरमधून कागद काढून दाखवला, त्या वेळी मला वाटलं होतं की क्लबचं सभासदत्व किंवा हॉटेलचं कूपन असेल. तो शेअरचा कागद निघाला.

हे समजायला मुंबई-पुण्याच्या माणसाला फार वेळ लागत नाही. आपण सोसायटीत फ्लॅट घेतो तेव्हा हातात शेअर सर्टिफिकेट येतं. इमारत सोसायटीची आणि आपण तिचे भागधारक, म्हणून त्या चार भिंतींवर आपला हक्क. फिनलंडमध्ये फ्लॅटची मालकी अशीच असते. फक्त सोसायटीच्या जागी खास त्या कामासाठी काढलेली कंपनी असते, तिची वार्षिक सभा भरते आणि तिला मेंटेनन्स द्यावा लागतो. मग कुणाच्या तरी मनात आलं की शेअरवर फ्लॅट क्रमांक लिहिता येतो, तर आठवडा क्रमांक का लिहू नये? त्याला तिथे वीक्को-ओसाके म्हणतात, शब्दशः आठवड्याचा शेअर. आजींच्या नावावर अमुक सदनिका, आठवा आठवडा. दरवर्षी, कायमचा. त्यांच्या पश्चात मुलांचा.

कागद परत देताना मला आजोळची विहीर आठवली. तीन चुलत घरांत सामाईक विहीर होती आणि पाण्याच्या पाळ्या वाटून दिलेल्या होत्या. वाटणीपत्रात लिहिलेलं असायचं, अमुक घराला आठवड्यातले इतके दिवस. विहीर कापून वाटता येत नाही, म्हणून विहिरीचा वेळ वाटायचा. मोट गेली, इंजिन आलं, मग वीज आली. पाळी तीच राहिली, बापाकडून मुलाकडे जात राहिली. टाइमशेअर हा परदेशी शब्द मी इतकी वर्षं विक्रेत्यांच्या फोनमधून ऐकत आले होते. त्याच्या मुळाशी पाळी आहे, हे मला लॅपलंडला जाताना विमानात उमगलं.

हेलसिंकीहून इव्हालोपर्यंत दीडएक तासाचं विमान, मग दक्षिणेकडे परत फिरून अर्ध्या तासाची बस. उत्तर ध्रुववृत्त आम्ही केव्हाच ओलांडलं होतं. सारिसेल्का त्याच्याही उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटर. बसमधून उतरल्यावर मी आधी डोंगर शोधू लागले. तिथली स्कीची टेकडी काउनिस्पा, उंची 438 मीटर. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. म्हणजे ज्या शिखरावरून लोक पायाला फळ्या बांधून घसरत येतात, ते माझ्या घराच्या अंगणापेक्षा खाली! आणि तरीही त्याच्या माथ्यावर एक झाड नाही. इतक्या उत्तरेला थंडीच झाडांना थोपवते. तीनशे-चारशे मीटर चढलं की पाइन आणि बर्च संपतात आणि वर उघडा, गोलसर, गुळगुळीत माथा उरतो. या गोलाईत हिमयुगातल्या बर्फाचाही वाटा आहे. हिमाच्या जाड थराखाली हे डोंगर हजारो वर्षं घासले गेले. अशा उघड्या माथ्याच्या डोंगराला फिनिश भाषेत तुंतुरी म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण जो टुंड्रा शिकलो, तो शब्द आणि हा शब्द इथल्या मूळ रहिवासी सामी लोकांच्या भाषांमधून आलेले भाऊ आहेत.

पहिल्या सकाळी उणे चोवीस होतं. झाडं पांढरी म्हणणं अपुरं आहे. झाडं दिसतच नव्हती. हवेतले गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूप राहिलेले सूक्ष्म थेंब फांदीला लागताक्षणी गोठतात, त्यावर हिम बसतं, पुन्हा थेंब, पुन्हा हिम, आणि असे थर चढत चढत एकेका झाडावर टनात मोजावा इतका भार साचतो. या भारालाही त्यांच्याकडे खास नाव आहे, त्युक्क्यू. तिथले स्प्रूस कसे उभे राहतात ते पाहायला हवं. निमुळते, फांद्या अंगालगत खाली झुकलेल्या, जणू पदर घट्ट लपेटून घेतलेल्या. फांद्या पसरून वाढणारं झाड या ओझ्याखाली मोडून पडेल.

दिवस आठ-नऊ तासांचा होता आणि तो रोज डोळ्यांना जाणवेल इतका वाढत होता. इथे मला आठवड्यांच्या आकड्यांची खरी गंमत कळली. पुण्यात सर्वात लहान दिवस साधारण अकरा तासांचा, सर्वात मोठा सव्वातेरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. सारिसेल्कात डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. ज्याच्याकडे एक्कावन्नावा आठवडा आहे, त्याच्या सदनिकेच्या खिडकीत दुपारी बाराला फक्त निळा संधिप्रकाश. तो इतका निळा का, याचं उत्तर थेट वातावरणात आहे: सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा तिरपा प्रवास करतो, ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषतो आणि निळा उरतो. ज्याच्याकडे सव्विसावा आठवडा, त्याच्या त्याच खिडकीत मध्यरात्री ऊन. भिंती त्याच, पलंग तोच, खिडकीही तीच. तरी त्या एका सदनिकेत बावन्न वेगवेगळी घरं नांदतात. आजींनी आठवा निवडला, कारण त्या काळी त्यांची मुलं शाळकरी होती आणि सुट्टी आठव्यातच मिळायची. सूर्य परत आलेला असतो आणि हिम अजून भुसभुशीत झालेलं नसतं, ही त्यावरची मिळकत.

पाळीची ही कल्पना युरोपात उगवली तीही डोंगरातच. 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. तिचे शेअर घ्या, दरवर्षी काही गुण मिळवा आणि त्या गुणांवर कंपनीच्या घरांमध्ये सुट्टी घालवा, अशी तिची रचना. ती आजही चालू आहे. त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये स्युपरदेव्होल्युई नावाचं स्कीगाव उभं राहिलं. तिथे बांधणाऱ्यांनी लोकांपुढे असा हिशेब मांडला की दरवर्षी खोली भाड्यानं घेण्यापेक्षा हॉटेलातला आपल्यापुरता वाटा विकत घेतलेला स्वस्त पडेल. टाइमशेअरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या गावापासून सुरुवात करतात.

हे डोंगरातच का घडावं? कारण स्कीगावाचं दुखणं इतरांपेक्षा ठळक असतं. शहरातला माणूस डोंगरात घर घेतो, वर्षातून दोन आठवडे राहतो, पन्नास आठवडे कुलूप. अशी शंभर घरं झाली की गावात दिवे दिसत नाहीत, किराणा दुकान चालत नाही, शाळेत मुलं नसतात. फ्रेंच आणि स्विस लोक याला थंड पलंग म्हणतात. मला हा शब्द फार नेमका वाटतो. बंद घरातल्या गार गादीचा स्पर्श त्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न इतका चिघळला की मार्च 2012 मध्ये देशभर सार्वमत झालं, आणि अगदी थोड्या फरकानं लोकांनी ठरवलं की कुठल्याही गावात अशी दुसरी घरं वीस टक्क्यांच्या वर नकोत. पाळीचा पलंग मात्र थंड पडत नाही. आमच्या आधी सातव्या आठवड्याचं कुटुंब त्यावर झोपून गेलं होतं; सौनाच्या लाकडाला अजून ओलसर वास होता.

दुसऱ्या दिवशी सौनातून बाहेर पडून मी टॉवेल वाळत घालत होते, तेव्हा भाचा सहज म्हणाला, "मावशी, हे सगळं आता आपल्या महिंद्रांचं आहे बरं का."

मला वाटलं, त्याला गाडी म्हणायचं असेल.

पण तसं खरंच आहे. सारिसेल्कातलं हे रिसॉर्ट चालवणारी हॉलिडे क्लब ही फिनलंडची मोठी टाइमशेअर कंपनी. तीसहून अधिक ठिकाणं, बहुतेक फिनलंडमध्ये, काही स्वीडन आणि स्पेनमध्ये. आठवडे घेतलेली पन्नास हजारांहून अधिक कुटुंबं. 55 लाख वस्तीच्या देशात हा आकडा लहान नाही. मुंबईच्या महिंद्रा समूहातल्या महिंद्रा हॉलिडेजनं 2014 मध्ये तिच्यात छोटा हिस्सा घेतला, 2015 मध्ये बहुमताचा, आणि पुढे तो नव्वद टक्क्यांच्या वर नेला. ही महिंद्रा हॉलिडेज म्हणजे गोव्यातल्या वार्कापासून मुन्नारपर्यंत आपल्याला माहीत असलेलं क्लब महिंद्रा. ही खरेदी झाली ती मॉरिशसमधली कंपनी आणि लक्झेंबर्गमधली कंपनी अशा साखळीतून. मी त्या रात्री खिडकीशी बसून ही साखळी मनात मांडून पाहिली: मुंबई, मॉरिशस, लक्झेंबर्ग, हेलसिंकी, सारिसेल्का. आणि महिंद्रा हॉलिडेज शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे, पुण्यातल्या एखाद्या पेन्शनरच्या डीमॅट खात्यात तिचे दहा शेअर असतील तर ध्रुववृत्तापलीकडच्या या कारभारातला केसाएवढा वाटा त्यांचाही आहे. त्यांना ते ठाऊकही नसेल.

मग आजींचं काय झालं? मालक बदलला तेव्हा त्यांच्या आठवड्याला धक्का लागला का?

लागला नाही, आणि का लागला नाही हेच मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं. विकली गेली ती कारभार पाहणारी, स्वागतकक्ष आणि पोहण्याचे तलाव चालवणारी, नवे आठवडे विकणारी कंपनी. आजींची सदनिका ज्या कंपनीची, ती वेगळी, आणि तिचे भागधारक म्हणजे आजी आणि त्यांच्यासारखे आठवडेकरी. गावची पाणीपुरवठा योजना दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली म्हणून आपल्या विहिरीतली पाळी बुडत नाही, तसं. दारावरची पाटी आणि बिलाच्या कागदाचं शीर्षक बदलू शकतं, आठवड्याचा आकडा बदलत नाही. आपल्याकडची पद्धत याहून निराळी आहे. क्लब महिंद्राचं मूळ सभासदत्व पंचवीस वर्षांचं, वर्षाला ठरावीक रात्रींचं, आणि हंगामाला आकड्याऐवजी रंग: पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू. अमुक खोली अमुक आठवडा असं काही नाही. जिथे जागा मिळेल तिथे जायचं. त्यात मोकळेपणा जास्त. आजींच्या पद्धतीत मुळं जास्त.

मुळं खोल गेली की उपटणंही अवघड होतं, ही दुसरी बाजू मी आजींकडूनच ऐकली. त्यांची मुलगी आता दूर देशी आहे, तिला हा आठवडा नको आहे. पण आठवडा म्हणजे हक्क तसा भारही. मेंटेनन्स दरवर्षी येणार, तुम्ही या की न या. छताचं काम निघालं तर त्यात वाटा. ज्या पिढीनं हौसेनं आठवडे घेतले ती म्हातारी झाली आणि जुने आठवडे नाममात्र किमतीलाही घ्यायला कुणी पुढे येत नाही, असं तिथे सर्रास होतं. विकत घेणाऱ्यासाठी युरोपीय संघानं कायदा केला आहे: सही केल्यावर चौदा दिवस फेरविचाराला आणि त्या दिवसांत विक्रेत्यानं एक पैसाही घ्यायचा नाही. आत येण्याच्या दारावर असा पहारा बसला, बाहेर पडण्याचं दार मात्र अजून अरुंदच आहे. आजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. आजोळची विहीर मला पुन्हा आठवली. पाळी होती तीन घरांची. दोन घरं मुंबईला गेली आणि गाळ काढायचा खर्च तिसऱ्यावर आला.

दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की मात्र हा सगळा मालकीचा हिशेब हिमात विरघळतो. फिनलंडमध्ये जुनी रीत आहे की रान कुणाचंही असो, त्यातून चालायला, स्कीवरून जायला, बेरी-भूछत्रं वेचायला सगळ्यांना मोकळीक. घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि उभ्या पिकाची, रोपांची नासधूस करायची नाही, एवढंच. सारिसेल्काच्या पाठीशी लागूनच उऱ्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर. भाच्याच्या मुलीनं मला स्की बांधून दिली आणि मी सपाट वाटेवर, पडत-उठत, एक किलोमीटर गेले. पुढे गेलेल्या यंत्रानं हिमात दोन खोल समांतर चाकोऱ्या कोरून ठेवल्या होत्या, पाय त्यात बसले की वाट आपोआप सापडते. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी कुठल्या आठवड्याचे म्हणून विचारलं नाही.

वळणावर रेनडिअर उभे होते, सहा-सात. थंडीत त्यांच्या नाकातून वाफ निघत होती. ते कुठल्याही जमिनीवर चरू शकतात, जमीन कुणाचीही असो. त्या प्रदेशात तो हक्क कायद्यानं मान्य आहे. पण रेनडिअर मात्र बेवारशी नाही. प्रत्येकाच्या कानाला खाचा असतात, आणि कुठल्या कानाला किती आणि कशा खाचा यावरून मालक ओळखतात. नांगरट नाही, कुंपण नाही, सातबारा नाही. जंगलभर हिंडणाऱ्या कानावर मालकाची सही. आम्ही उभे राहून पाहत होतो तितका वेळ त्यांनीही आम्हाला पाहिलं, मग पुढच्या खुरानं हिम उकरून खालचं दगडफूल शोधू लागले.

परतीच्या आदल्या रात्री मी भाच्याला एक प्रश्न विचारला, जो मला चार दिवस छळत होता. बावन्न आठवडे म्हणजे 364 दिवस. उरलेला एक दिवस कुणाचा? लीप वर्षात तर दोन. भाचा म्हणाला, तो दिवस कुठेच जात नाही, साचत राहतो, आणि पाच किंवा सहा वर्षांनी त्याचा एक जादा आठवडा तयार होतो. नियम असा की आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला. त्या हिशेबानं 2020 मध्ये त्रेपन्न आठवडे होते आणि 2026 मध्येही त्रेपन्न. बावन्न मालकांच्या सदनिकेत त्रेपन्नावा आठवडा कुणाचा, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. मी हसू लागले, कारण हा आपला अधिक मास होता. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ते दिवस साचतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना येतो. तो कुठल्याच देवतेच्या वाट्याला आला नव्हता, म्हणून विष्णूनं त्याला आपलं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला, ही कथा मी भाच्याच्या मुलीला सांगितली. 2026 मध्ये तर दोन्ही जमून आले आहेत: आपला अधिक ज्येष्ठ आणि त्यांचा त्रेपन्नावा आठवडा. तिनं विचारलं, मग त्रेपन्नाव्या आठवड्यालाही विष्णूचं नाव द्यायचं का?

निघायच्या दिवशी सकाळी सगळी सदनिका पुसून घेतली. ओट्यावरच्या ताटाळ्याच्या कपाटात, ज्याला तळ नसतो आणि भांडी निथळून पाणी थेट खालच्या बेसिनमध्ये पडतं, त्यात बशा ओळीनं लावल्या. खाली गाड्यांच्या तळावर एक कुटुंब स्की उतरवत होतं, दोन मुलं, पाठीवर झोळीत तिसरं. आईनं माझ्याकडे पाहून काही विचारलं. भाच्यानं भाषांतर करून सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही कुठल्या आठवड्याच्या?"

"आठव्या," मी म्हटलं.

ते नवव्याचे होते. मी किल्ली भाच्याकडे दिली, आणि आजींसाठी खिडकीतून काढलेला फोटो नीट आला आहे ना ते पुन्हा एकदा पाहिलं.